घरच्या स्विमिंग पूलमध्ये शेवाळ धरू नये म्हणून: बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे हिशोब ४०,००० लिटरच्या पूलसाठी आहेत. म्हणजे ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. तुमचा पूल याच्या निम्मा असेल तर डोसही निम्मा, दीडपट असेल तर दीडपट.

काल संध्याकाळी पाणी निळं होतं, सकाळी हिरवट दिसतंय. एका रात्रीत शेवाळ कसं येतं?

एका रात्रीत येत नाही, एका रात्रीत दिसायला लागतं. शेवाळाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पायांना लागून रोजच पाण्यात येतात. पाण्यात पुरेसं मोकळं क्लोरीन असेल तर ते तिथंच मरतात. क्लोरीन कमी पडलं की उबदार पाण्यात काही तासांत दुप्पट होत जातात, आणि डोळ्यांना हिरवा रंग दिसेपर्यंत त्यांची संख्या प्रचंड झालेली असते. त्याआधी खुणा मिळतात. पायऱ्या बुळबुळीत लागतात, पाण्याची चमक जाते, नेहमीचा डोस टाकूनही दुसऱ्या दिवशी क्लोरीन जवळजवळ शून्य दाखवतं. यातली एक खूण दिसली तरी त्याच दिवशी हालचाल करा. पाणी हिरवं झाल्यावर लागणारं क्लोरीन या टप्प्याला लागणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

नेमकं किती क्लोरीन ठेवायचं? कुणी १ पीपीएम सांगतं, कुणी ३.

दोघंही अर्धंच सांगतात. (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग.) क्लोरीन किती हवं हे पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, किती आहे त्यावर ठरतं. हे कळलं नाही तर बाकी सगळी औषधं आणून उपयोग नाही.

उघड्या पूलमध्ये स्टॅबिलायझर अजिबात नसेल तर एप्रिलच्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत जवळजवळ संपतं. स्टॅबिलायझर क्लोरीनला धरून ठेवतो, त्यामुळे ऊन त्याला लगेच तोडू शकत नाही. पण धरून ठेवलेलं क्लोरीन शेवाळ मारायलाही तितकं मोकळं राहत नाही. म्हणून स्टॅबिलायझर वाढला की क्लोरीनही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं:

स्टॅबिलायझर ३० पीपीएम: क्लोरीन कधीही २ च्या खाली नको, रोजचं लक्ष्य ४.
स्टॅबिलायझर ५०: किमान ४, लक्ष्य ६.
स्टॅबिलायझर ८०: किमान ६, लक्ष्य ९.

आपल्याकडे ३० ते ४० च्या दरम्यान ठेवणं सर्वात सोयीचं. अथणी, रायबागकडे ऊन जास्त, तिथं ४० कडे झुका. खानापूर, जांबोटीकडे झाडांची सावली असेल तर ३० पुरे. क्लोरीन एक दिवस जरी किमान पातळीच्या खाली गेलं तरी शेवाळाला वाट मिळते. आठवड्यातून एकदा भरपूर टाकण्यापेक्षा रोज थोडं टाकलेलं बरं, ते एवढ्यासाठीच.

माझ्या पूलमध्ये किती लिटर पाणी आहे ते कसं काढू?

फुटात मोजत असाल तर लांबी × रुंदी × सरासरी खोली × २८.३ = लिटर. सरासरी खोली म्हणजे उथळ आणि खोल टोकांची बेरीज भागिले दोन. पूल गोल असेल तर व्यास × व्यास × खोली × २२.२. खोली भिंतीच्या काठापर्यंत नाही, पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायची.

पुढचा हिशोब सोपा आहे. १,००० लिटरमध्ये १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. ४०,००० लिटरला १ पीपीएम वाढवायला ४० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. ते मिळतं साधारण एवढ्यातून: १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे द्रव हायपो) ४०० मिली, ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट ६२ ग्रॅम, ९० टक्क्यांची टीसीसीए (क्लोरीनच्या गोळ्या असतात ती) ४५ ग्रॅम, ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर १२० ग्रॅम. उन्हाळ्यात पूल दिवसाला २ ते ४ पीपीएम खातो, म्हणजे रोज साधारण पाऊण ते दीड लिटर हायपो. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत याच्या निम्म्यानेही भागतं.

ब्लीचिंग पावडर सगळीकडे मिळते. ती चालेल का?

चालेल, पण ती थेट पूलमध्ये फेकू नका. तिच्यात चुना भरपूर असतो. फेकलेली पावडर तळाशी पांढरी बसते, पाणी गढूळ करते आणि फिल्टरची वाळू घट्ट करते. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, त्यात पावडर हळूहळू टाका, लाकडी काठीने ढवळा आणि अर्धा-एक तास निवळू द्या. वरचं पाणी पूलमध्ये ओता, खालचा गाळ बाहेर. पोतं उघडं राहिलं तर पावडरीची ताकद झपाट्याने उतरते. वास मंद झालेली, गोळे झालेली पावडर ३३ टक्क्यांची राहिलेली नसते, मग हिशोब चुकतो.

रोजच्या वापराला आम्ही द्रव हायपो सुचवू. त्यातून कॅल्शियम वाढत नाही, स्टॅबिलायझर वाढत नाही, गाळ उरत नाही. दोष एकच, ते टिकत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला कॅन दीड-दोन महिन्यांत निम्म्या ताकदीवर येऊ शकतो. म्हणून भरल्याची तारीख पाहून घ्या, दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच आणा, सावलीत ठेवा. टाकायची वेळ सूर्यास्तानंतर, पंप चालू असताना, पाणी परत येणाऱ्या तोंडाजवळ, बारीक धारेने.

अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेकडचं बोअरचं पाणी जड असेल तर ब्लीचिंग पावडर आणि कॅल्शियम हायपो दोन्ही टाळा. १० पीपीएम क्लोरीनमागे कॅल्शियम हायपो सुमारे ७ पीपीएम कडकपणा वाढवतं. टाइल्सवर आणि पाइपात क्षार चढतात, आणि त्या खरबरीत थरावर शेवाळ पाय रोवतं.

आम्ही तरंगत्या डब्यात गोळ्या ठेवतो. दोन महिने पाणी काचेसारखं होतं. आता क्लोरीन ३ दाखवतंय तरी भिंती हिरव्या. गोळ्या बनावट आहेत का?

गोळ्या ठीकच असतील. त्या टीसीसीएच्या आहेत, आणि टीसीसीएच्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात पडतो. २०० ग्रॅमच्या तीन गोळ्या आठवड्याला विरघळल्या तर आपल्या ४०,००० लिटरमध्ये आठवड्याला ८ पीपीएम स्टॅबिलायझर वाढला. आठ आठवड्यांत जवळपास ६५. मुळात ३० असेल तर आता ९५. त्या पातळीला ३ पीपीएम क्लोरीन म्हणजे नावापुरतं. तिथं किमान ७ हवं. या भागात "औषध टाकूनही पूल हिरवा" अशी तक्रार आली की आम्ही आधी स्टॅबिलायझर मोजायला सांगतो.

स्टॅबिलायझर बाष्पाबरोबर उडत नाही आणि घरगुती वापरात त्याला खात्रीने काढणारं औषध नाही. पाणी बदलणं हाच उपाय. निम्मं पाणी बदललं की स्टॅबिलायझर निम्मा. एसडीआयसी पावडरीचंही (हीसुद्धा स्टॅबिलायझर असलेलं क्लोरीनच) तेच, उलट १० पीपीएममागे ९ ने वाढतो.

मग गोळ्या कधी वापरायच्या? पूल नव्याने भरल्यावर स्टॅबिलायझर शून्य असतो तेव्हा, आणि घर आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तेव्हा. बाकी दिवस हायपो. गोळ्यांनी पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) आणि अल्कलिनिटीही (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) उतरते, तिकडेही लक्ष ठेवा.

स्टॅबिलायझर मुद्दाम कसा टाकायचा?

शून्यावरून ३० वर न्यायला ४०,००० लिटरला १.२ किलो सायन्युरिक ॲसिड. ते सहज विरघळत नाही. जुन्या पायमोज्यात किंवा पातळ कापडी पिशवीत भरून पाणी परत येणाऱ्या तोंडासमोर लोंबकळत ठेवा, अधूनमधून पिळा. पाण्यातलं प्रमाण मोजायची घाई करू नका, आठवड्याने मोजा. आज मोजून कमी दिसलं म्हणून पुन्हा टाकाल तर पुढच्या आठवड्यात जास्त झालेलं दिसेल.

पट्टीने मोजतो, पिवळा रंग येणाऱ्या थेंबांनीही मोजतो. पुरेसं आहे का?

पिवळा रंग देणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यात घाम, लघवी, सडलेला पाला यांच्याशी बांधलं गेलेलं, शेवाळावर फारसं न चालणारं क्लोरीनही धरलेलं असतं. मोकळं क्लोरीन कळायला डीपीडीचं किट हवं, ज्यात गुलाबी रंग येतो. एक सावधगिरी: क्लोरीन खूप जास्त, म्हणजे १० च्या वर असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येऊन उडतो आणि नमुना शून्यासारखा दिसतो. असं झालं तर नमुन्यात तेवढंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून मोजा आणि आलेला आकडा दुप्पट धरा. अशा वेळी पीएचचा लाल थेंबही जांभळट होऊन खोटा वाढीव आकडा देतो.

मोजायचं कधी? क्लोरीन आणि पीएच उन्हाळ्यात रोज, थंडीत दिवसाआड. अल्कलिनिटी आठवड्याला, स्टॅबिलायझर महिन्याला. नमुना कोपरभर खोलीवरून घ्या, पृष्ठभागावरचं पाणी नको.

पीएचचा शेवाळाशी काय संबंध?

थेट कमी, पण क्लोरीनच्या ताकदीशी आहे. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. ८ च्या वर गेलं की क्लोरीनचा जोर उतरतो, डोळे चुरचुरतात आणि क्षार बसायला लागतात. उतरवायला ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. ४०,००० लिटरला एका वेळी २०० ते २५० मिलीच्या वर नको. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड, उलट कधीच नाही. चार तासांनी मोजून पुन्हा.

खानापूर पट्ट्यात जांभ्यातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं आणि त्यात अल्कलिनिटी कमी असते. तिथं पीएच एका दिवसात वर, दुसऱ्या दिवशी खाली असा उड्या मारतो. त्याला खाण्याचा सोडा लागतो: ४०,००० लिटरला ६७० ग्रॅम टाकला की अल्कलिनिटी १० पीपीएमने वाढते. ८० ते १०० वर आणा. पूर्वेकडच्या जड पाण्यात याची सहसा गरज पडत नाही.

पंप किती तास चालवायचा? वीज मध्येच जाते.

पाऊण ते एक अश्वशक्तीचा पंप तासाला ८ ते १० हजार लिटर पाणी फिरवतो, म्हणजे आपल्या पूलचं सगळं पाणी चार-पाच तासांत एकदा फिल्टरमधून जातं. मार्च ते मे आठ तास, पावसाळ्यात आणि थंडीत पाच-सहा तास. सलग नसले तरी चालेल, सकाळी चार आणि संध्याकाळी चार अशी वाटणी उलट बरी पडते.

वीज गेल्यावर साधा यांत्रिक टायमर तेवढ्याच वेळाने मागे पडतो. आठवड्यात पाच-सहा तास वीज गेली की संध्याकाळी चालू होणारा पंप मध्यरात्री चालू होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. दिवसभर वीज नसली तरी क्लोरीनचा डोस चुकवू नका. बादलीभर पाण्यात पातळ करून चारी बाजूंनी ओता आणि लांब दांड्याच्या ब्रशने पाणी ढवळा. पंप बंद असल्याने पूल लगेच हिरवा होत नाही, पण क्लोरीन नसल्याने होतो.

बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून घाण बाहेर काढणं) कधी, किती वेळ?

धुतलेल्या फिल्टरवर प्रेशर गेज जो आकडा दाखवतो तो फिल्टरच्या अंगावर मार्करने लिहून ठेवा. तो ०.३ ते ०.५ बारने वाढला की बॅकवॉश. पंप बंद करा, फिल्टरच्या व्हॉल्व्हचा दांडा बॅकवॉशवर, पंप चालू, काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं. मग पंप बंद, दांडा रिन्सवर, अर्धा ते एक मिनिट. पुन्हा बंद, दांडा फिल्टरवर. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं रबरी गॅस्केट निसटतं, मग घाण पाणी थेट पूलमध्ये परत येतं आणि लोक वाळूला दोष देतात. रिन्स न करता थेट फिल्टरवर गेलात तरी पहिला गढूळ लोट पूलमध्येच येतो.

रोज बॅकवॉश करून फिल्टर स्वच्छ होत नाही. वाळू थोडी मळलेली असते तेव्हाच बारीक कण जास्त धरते, शिवाय प्रत्येक वेळी ४०० लिटरच्या आसपास पाणी जातं. वाळू साधारण पाच ते सात वर्षांनी बदला आणि ती चाळलेली ०.५ ते ०.८ मिलिमीटरची सिलिका वाळूच घ्या, नदीची बांधकामाची नको.

शेवाळ नेहमी शिडीमागे आणि एकाच कोपऱ्यात धरतं. का?

तिथं पाणी फिरत नाही, म्हणून क्लोरीन पोचत नाही. परतीच्या तोंडांचे गोळे किंचित खाली आणि सगळे एकाच दिशेला वळवा, म्हणजे पूलचं पाणी गोल फिरेल. त्या कोपऱ्यात एक मूठ भाताची टरफलं टाकून बघा, कुठं अडकून राहतात ते लगेच दिसेल. मग जाळीने काढून घ्या.

आठवड्यातून दोनदा ब्रश मारा. पायऱ्या, शिडीमागची भिंत, दिव्याची खोबण, टाइल्सच्या फटी आणि पाण्याच्या रेषेवरचा तेलकट पट्टा. दिवाळीत अभ्यंगाचं तेल अंगाला असताना पोरं पूलमध्ये उतरली तर तो पट्टा एका दिवसात तयार होतो. टाइल्स, फायबर आणि प्लास्टिक अस्तराला नायलॉनचा ब्रश, सिमेंटच्या गिलाव्याला तारेचा. गवंड्याकडून बांधून घेतलेल्या, नुसता सिमेंटचा हात मारलेल्या टाक्यांत हा त्रास सर्वात जास्त. खरबरीत पृष्ठभागाच्या छिद्रांत शेवाळ ब्रशलाही दाद देत नाही. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी टाइल्स आणि इपॉक्सी ग्राउट करून घ्या, दरवर्षीचा क्लोरीनचा खर्च उतरेल.

विहिरीचं पाणी भरलं, क्लोरीन टाकलं आणि पाणी हिरवट-तपकिरी झालं. इतक्या लवकर शेवाळ?

ते शेवाळ नव्हे, लोह असण्याची शक्यता जास्त. लाल मातीच्या, जांभ्याच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात विरघळलेलं लोह असू शकतं. क्लोरीन लागताच ते गंजून रंग धरतं. पांढऱ्या बादलीत ते पाणी घ्या, दोन चमचे हायपो टाका. रंग फिका पडला तर शेवाळ, आणखी तपकिरी झाला तर लोह. लोहाचं पाणी रंगीत असलं तरी सहसा पारदर्शक असतं, शेवाळाचं धूसर. लोह असेल तर पीएच ७.२ ला ठेवून थोडं थोडं क्लोरीन टाका आणि फिल्टर चोवीस तास चालवा, दिवसाला एकदा बॅकवॉश. पाणी भरतानाच पाइपाच्या तोंडाला जाड फडकं किंवा दहा मायक्रॉनचं काडतूस बांधलं तर बराच गाळ बाहेर राहतो.

शेजारी ऊस आहे. खताचा आणि कारखान्याच्या काजळीचा काही परिणाम?

होतो, पण लोक समजतात तसा नाही. डीएपी, सुफला, युरिया यांच्यातलं फॉस्फेट आणि नायट्रोजन हे शेवाळाचं खाणं. वाऱ्याने खत उडून येतं, पावसात बांधावरून ओघळतं. युरियातून तयार होणारा अमोनिया तर क्लोरीनच थेट खातो. पूलभोवती निदान सहा इंच उंच कठडा घ्या आणि शेताकडच्या बाजूने पाणी वळवणारी चर. खत टाकायच्या दिवशी पूल झाकून ठेवायला सांगणं जमत असेल तर उत्तम.

ऑक्टोबरनंतर गाळप सुरू झालं की संकेश्वर, निपाणी, चिकोडी, रायबाग पट्ट्यात काजळी उतरते आणि पाचट जळतं ते वेगळंच. काजळीने शेवाळ येत नाही, फिल्टर तुंबतो. स्किमरच्या (पाण्यावरचा पाला ओढून घेणारं भिंतीतलं तोंड) टोपलीत जुना नायलॉनचा मोजा चढवा आणि रोज धुवा. फॉस्फेट काढणारी महागडी औषधं विकली जातात. क्लोरीन किमान पातळीच्या वर असेल तर ती लागत नाहीत, आणि नसेल तर तीही वाचवत नाहीत.

पावसाळ्यात काय बदलायचं?

जून ते सप्टेंबर पाऊस पाणी पातळ करतो: क्लोरीन, स्टॅबिलायझर, अल्कलिनिटी तिन्ही उतरतात. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मोजाच. ऊन नसतं म्हणून क्लोरीन कमी उडतं, त्यामुळे डोस कमी लागतो, पण बंद करायचा नाही. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर ठेवा. पाणी वर चढलं की स्किमर पाला ओढत नाही. छपराची पन्हळ पूलकडे वाहत असेल तर ती आधी वळवा, कौलांवरचं शेवाळ थेट पूलमध्ये येतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. कणकुंबी, जांबोटी, खानापूरकडे जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. रिकाम्या टाकीला ते खालून उचलतं, तळाला चिरा पडतात आणि फायबरचा पूल अक्षरशः तरंगून वर येतो. स्टॅबिलायझर उतरवायचा असेल तर एका वेळी एक तृतीयांश पाणी काढा आणि पावसाने भरू द्या. उन्हाळ्यातल्या टँकरपेक्षा हे केव्हाही परवडतं.

द्राक्षबागेसाठी आणलेला मोरचूद (कॉपर सल्फेट) घरात आहे. तो टाकला तर?

तांब्याने शेवाळ मरतं, हे खरं. पण मात्रा फार थोडी. ०.३ पीपीएम तांब्याला ४०,००० लिटरमध्ये फक्त ४७ ग्रॅम मोरचूद लागतो, आणि बहुतेक लोक मूठ-दोन मूठ टाकतात. जास्त झालं किंवा पीएच चढला की तांबं भिंतींवर निळसर-काळे डाग धरतं आणि पिकलेले केस हिरवट होतात. ते पाण्यातून आपोआप जात नाही, साठत राहतं. शिवाय बॅकवॉशचं पाणी ओढ्याला गेलं तर मासे मरतात. आमचं मत सरळ आहे: घरच्या पूलमध्ये मोरचूद नको.

तुरटी वेगळी. ती शेवाळ मारत नाही, मेलेलं तळाशी बसवते. ४०,००० लिटरला एक ते दीड किलो, बादलीत विरघळवून, पंप रीसर्क्युलेटवर (फिल्टर वगळून) दोन तास, मग रात्रभर बंद. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्युमने 'वेस्ट'वर टाकून थेट बाहेर. फिल्टरमधून नेला तर वाळू चिकट होते. तुरटीने पीएच आणि अल्कलिनिटी उतरते, नंतर मोजा.

दुकानात मिळणारं अल्जीसाइड (शेवाळनाशक)?

प्रतिबंधाला पूरक म्हणून ठीक. हिरवं झालेलं पाणी त्याने साफ होत नाही. घ्यायचं असेल तर लेबलवर पॉलिक्वाट ६० असलेलं, ते फेसाळत नाही. स्वस्त क्वाट प्रकारच्या अल्जीसाइडने पूलवर साबणासारखा फेस येतो. पर्यटनाला जाण्याआधी एक डोस, एवढाच त्याचा उपयोग.

पूल हिरवा झालाच आहे. आता काय, क्रमाने?

पाला आणि काड्या जाळीने काढा. पाल्यावर क्लोरीन वाया जातं. पीएच ७.२ ला आणा, कारण नंतर क्लोरीन जास्त असताना तो नीट मोजता येत नाही. स्टॅबिलायझर मोजा. त्याच्या ४० टक्के एवढं क्लोरीन हवं: ३० ला १२ पीपीएम, ५० ला २०. स्टॅबिलायझर ३० आणि क्लोरीन शून्य असलेल्या आपल्या पूलला १० टक्क्यांचं हायपो जवळपास ५ लिटर. स्टॅबिलायझर ८० च्या वर असेल तर आधी पाणी बदला, नाहीतर पैसे पाण्यात.

सगळ्या भिंती आणि तळ घासा. पंप चोवीस तास. दिवसा दर तीन-चार तासांनी क्लोरीन मोजून पुन्हा त्याच पातळीला आणा. एकदाच टाकून झोपलात तर हे फसतं, आणि बहुतेकांचं इथंच फसतं. प्रेशर चढला की बॅकवॉश. पाणी हिरव्याचं राखाडी, मग दुधाळ, मग स्वच्छ होतं. हलक्या हिरव्याला दोन-तीन दिवस, तळ न दिसणाऱ्या पूलला आठवडाही लागतो.

थांबायचं कधी? पाणी स्वच्छ झालं म्हणून नाही. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर शेवाळ अजून जिवंत आहे. त्याच्या आत उतरलं आणि बांधलेलं क्लोरीन ०.५ च्या खाली आलं की मगच थांबा. अशी रात्रीची चाचणी पूल स्वच्छ असतानाही महिन्याला एकदा करावी, दिसण्याआधीच शेवाळ पकडता येतं.

पिवळी धूळ, काळे ठिपके, गुलाबी चिकट थर. हे सगळं शेवाळच का?

सावलीच्या भिंतीवर पिवळी धूळ बसते, घासली की उडते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच येते, ते पिवळं शेवाळ. वरचीच पद्धत वापरा, पण शेवटी एक रात्र क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ६० टक्क्यांवर न्या. ब्रश, जाळी, पोरांचे फुगे पूलमध्येच बुडवून ठेवा, त्यांच्यावरून ते परत येतं.

काळे ठिपके सिमेंटच्या छिद्रांत रुजलेले असतात आणि त्यांच्यावर संरक्षक थर असतो. तो आधी तारेच्या ब्रशने फोडावा लागतो, मग टीसीसीएची गोळी हातमोजे घालून त्या ठिपक्यावर घासायची. प्लास्टिक अस्तरावर हे करू नका, रंग उडेल. दोन-तीन आठवडे चिकाटी लागते. गुलाबी थर मात्र जिवाणूंचा. जास्त क्लोरीन आणि ब्रश एवढ्यावर भागतं.

आम्ही पुण्याला असतो. पूल राखणदारावर आहे. काय सांगून ठेवू?

मोजकं सांगा आणि लिहून द्या, तो कन्नड वाचणारा असेल तर कन्नडमध्येही. रोज संध्याकाळी मापाच्या डब्याने अमुक मिली हायपो, सोमवारी-गुरुवारी ब्रश, प्रेशर या खुणेला आलं की बॅकवॉश. पट्टीचा फोटो रोज तुम्हाला. "गरजेप्रमाणे टाक" असं सांगितलं की एकतर काहीच पडत नाही किंवा अर्धा कॅन पडतो. हायपो संपलंच तर तरंगत्या डब्यात दोन गोळ्या, हे शेवटचं शस्त्र.

रसायनं खताच्या खोलीत ठेवली तर चालेल?

नाही. टीसीसीए किंवा कॅल्शियम हायपो युरिया वा अमोनियमच्या खताला लागलं तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. हायपो आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एकमेकांतही मिसळू नका. एकच डबा, एकच चमचा दोघांना वापरल्यानेही आग लागते. स्किमरमध्ये कॅल्शियम हायपो टाकत असाल तर तिथं गोळ्या कधीच ठेवू नका. खोली वेगळी, हवेशीर, कोरडी, डिझेल-पेट्रोलपासून लांब, कुलूपबंद.

पोरांना पाण्यात कधी सोडायचं?

खोल टोकाचा तळ स्पष्ट दिसत असेल, (स्टॅबिलायझर ३० ते ४० असताना) मोकळं क्लोरीन किमान पातळीच्या वर पण ५ च्या खाली असेल आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये असेल तेव्हा. तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडणारं पोर वरून दिसत नाही.

मिठाचा क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन बनवणारं यंत्र) बसवला तर ही कटकट संपते का?

रोज हायपो ओतायची संपते, मोजायची नाही. ४०,००० लिटरला सुरुवातीला १२० ते १६० किलो मीठ लागतं, पीएच सतत वर चढतो आणि जड पाण्यात सेलवर क्षार बसतात. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी तेवढा वेळ क्लोरीनही तयार होत नाही.

गप्पी मासे सोडले तर?

मासे हवे असतील तर क्लोरीन नको, आणि क्लोरीन नसेल तर तो पोहायचा पूल नाही. विहिरीत सोडा.

बदललेलं पाणी उसाला दिलं तर चालेल?

साध्या पूलचं चालतं, पण क्लोरीन शून्यावर आल्यावर. डोस बंद करून तीन-चार दिवस उन्हात राहू द्या, किटने खात्री करा, पीएच ७ ते ८ मध्ये आहे बघा आणि सरीत हळूहळू सोडा. मोरचूद टाकलेलं किंवा मिठाच्या पूलचं पाणी शेताला देऊ नका, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कुठलंच सोडू नका.